मिरजेची चिठ्ठी

आमच्या मंडळाच्या सभागृहात, व्यासपीठाच्या डाव्या अंगाला, गवसणी चढवलेली तंबोऱ्यांची एक जोडी भिंतीशी उभी असते. वार्षिक संगीतसभेसाठी ती चार वर्षांपूर्वी विकत घेतली. दोन्ही तंबोऱ्यांच्या दांडीच्या मागल्या बाजूस एक छापील चिठ्ठी चिकटवलेली आहे आणि तिच्यावर ठळक अक्षरांत 'मिरज' असे नाव आहे. गेल्या हिवाळ्यात मिरजेचे एक कारागीर फिरतीवर बडोद्यास आले होते. ही मंडळी गावोगावच्या गवयांकडे जाऊन जवारी काढून देतात, ढिल्या झालेल्या खुंट्या बसवून देतात. आम्ही त्यांना सभागृहात बोलावले. त्यांनी गवसणी उतरवली, बोटाच्या पेराने तबलीवर दोनदा टकटक केले, दांडी उलटी करून चिठ्ठी वाचली आणि "हे काम आमच्याकडचं नाही" एवढेच म्हणाले. मग जमिनीवर बैठक मारून त्यांनी दोन्ही तंबोऱ्यांची जवारी काढली, मजुरी घेतली आणि ते पुढच्या गावाला गेले.

त्यांनी रागाचा एक शब्द उच्चारला असता तर हा लेख लिहिण्याची वेळ कदाचित आली नसती. रागाला उत्तर देता येते.

वाचकांनी आम्हांला फसवले गेलेले ग्राहक समजू नये. खरेदीच्या वेळी तीन दरपत्रके आली होती. दोन मिरजेच्या कारागिरांची होती आणि तिसरे एका व्यापाऱ्याचे. त्याची किंमत त्या दोहोंच्या निम्म्याहूनही कमी. मिरजेचा माल मिरजेहून निम्म्या भावात मिरजेबाहेर कसा मिळतो, हा प्रश्न त्या बैठकीत कोणीही विचारला नाही. खरे सांगायचे तर तो सर्वांच्या मनात होता आणि म्हणूनच कोणी विचारला नाही. बिलावर सही आमची आहे. तेव्हा पुढे जे कठोर लिहावे लागेल ते आधी आम्हांस लागू आहे, हे ध्यानात ठेवूनच वाचावे.

मिरजेचे नाव बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर, बेळगाव येथल्या आपल्या घरांना नवे नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाती बडोद्याची गायनशाळा सोपवली. ग्वाल्हेरचे माधव संगीत महाविद्यालय १९१८ सालचे. या शहरांतली मराठी मुले जिथे जिथे स्वर लावायला बसली, तिथे तंबोरा बहुधा मिरजेहूनच आलेला असे. बडोद्याच्या दरबारातले अब्दुल करीम खाँसाहेब पुढे मिरजेस स्थायिक झाले. त्यांच्या कन्या हिराबाईंचे नावच पाहा, आडनाव बडोदेकर आणि जन्म १९०५ सालचा, मिरजेतला. आपल्या आणि त्या गावाच्या नात्याला याहून निराळा दाखला कशाला हवा?

तिथल्या या धंद्याची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून झाली असे मानतात. घराणे मूळचे शिकलगारांचे, म्हणजे तलवारींना धार लावणाऱ्यांचे. लढाया थांबल्या, शस्त्रांचे काम सरले, तेव्हा नादुरुस्त वाद्ये हाती घेऊन, ती खोलून, पाहून, जुळवून ही माणसे वाद्यकार झाली. हा तपशील मुद्दाम सांगतो, कारण आमच्याच कार्यकारिणीतील एका विद्वान सभासदांनी तो आमच्या तोंडावर फेकला. ते म्हणाले, "मिरजेनं तरी काय केलं? दुसऱ्याचं वाद्य पाहून आपलं केलं. आज दुसरे मिरजेचं पाहून करतात. कलेत मालकी कसली?"

हा युक्तिवाद ऐकायला उदार वाटतो आणि त्याचा अर्धा भाग खराही आहे. वाद्यांचा इतिहास हा नकलेचाच इतिहास आहे. आपण जिला पेटी म्हणतो ती पाहा. पॅरिसच्या आलेक्सांद्र दबँ यांनी १८४२ साली हार्मोनियमचे एकस्व घेतले. ते पायाने भाता चालवण्याचे वाद्य होते. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला मांडी घालून बसणाऱ्या माणसाच्या सोयीचे, हाताने भाता मारण्याचे रूप दिले. पुढे सूरपट्ट्या आपल्या गुजरातेत पालिताण्यास होऊ लागल्या. या प्रवासात कोणी कोणाचे चोरले? आमच्या मते कोणीच नाही. ज्याने त्याने पाहिले, बदलले आणि आपल्या नावाने विकले. कलकत्त्याच्या पेटीवर कोणी पॅरिसची चिठ्ठी डकवली नाही.

आमच्या विद्वान मित्रांना नेमका हाच फरक दिसत नाही, किंवा दिसूनही सोयीचा नाही. फरीदसाहेबांनी वाद्य पाहून वाद्य केले आणि त्यावर आपले नाव घातले. ते बिघडले असते तर बदनामी त्यांची झाली असती. आमच्या सभागृहातल्या जोडीवर बनवणाऱ्याचे नाव नाही. एका पावसाळ्यातच तिची तबली सांध्याशी उचलू लागली, खुंट्या मैफलीच्या मध्येच सरकू लागल्या, आणि श्रोते जाता जाता एकमेकांस काय म्हणाले? "मिरजेच्या मालात पूर्वीचं राहिलं नाही." केलेल्या कामाचे पैसे ज्याला मिळाले नाहीत, त्याच्या माथी न केलेल्या कामाची अपकीर्ती मात्र बसली.

याच विषयावर आमचा आमच्या नातवाशी वाद झाला. तो संगणकाच्या क्षेत्रात आहे आणि फावल्या वेळात विजेच्या वाद्यांवर संगीत रचतो. त्याच्या मेजावर अमेरिकन 'मिनीमूग' या प्रसिद्ध सिंथेसायझरची नक्कल आहे. तिला ही मुले 'क्लोन' म्हणतात. आम्ही आपल्या तंबोऱ्याच्या दुःखात त्यालाही ओढून दोन शब्द सुनावले. तो म्हणाला, "आजोबा, तुमची चिठ्ठी खोटी आहे. माझ्या यंत्रावर बनवणाऱ्याचंच नाव आहे." आणि मग त्याने जे सांगितले ते ऐकून आम्हांला आमचे म्हणणे पुन्हा तपासावे लागले.

रॉबर्ट मूग यांच्या यंत्राला जो विशिष्ट भरदार आवाज आहे, त्याच्या मुळाशी असलेल्या गाळणी-मंडलाचे एकस्व त्यांना १९६९ साली मिळाले. अमेरिकेत त्या काळी एकस्वाची मुदत दिल्यापासून सतरा वर्षांची होती. म्हणजे १९८६ साली ते मंडल सर्वांचे झाले. मिनीमूग १९७० साली आले, १९८१ मध्ये त्याचे उत्पादन थांबले, आणि जुन्या यंत्रांचे भाव चढत गेले. २०१६ साली मूळ कंपनीने ते पुन्हा काढले, तेव्हा त्याची किंमत साडेतीन हजार डॉलरच्या घरात होती. त्यानंतर दोनएक वर्षांतच बेहरिंगर कंपनीने त्याच मंडलावर आधारलेले यंत्र आपल्या नावाने सुमारे तीनशे डॉलरला आणले. कायद्याने यात काही वावगे नाही. नीतीने?

नातवाने याहून बोचरा दाखला दिला तो रोलंड या जपानी कंपनीच्या टीबी-३०३ चा. एकट्या गिटारवादकाला साथीला खर्जाचे सूर मिळावेत म्हणून १९८१ च्या सुमारास काढलेली ती एक लहानशी चंदेरी पेटी. ती चालली नाही. तीनएक वर्षांत उत्पादन बंद पडले आणि उरलेल्या पेट्या जुन्या सामानाच्या दुकानांत मातीमोल भावाने गेल्या. शिकागोच्या गरीब कृष्णवर्णीय तरुणांनी तिथून त्या उचलल्या आणि १९८७ पासून त्यांतून नृत्यसंगीताचा एक नवाच प्रकार उभा राहिला. त्याही आधी, १९८२ साली, मुंबईच्या चरणजित सिंग या चित्रपटसंगीतातल्या वादकाने तीच पेटी घेऊन दहा रागांची ध्वनिमुद्रिका काढली होती. तिची दखल घेतली गेली ती २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाल्यावर. आज ती मूळ पेटी संग्राहकांच्या काचेच्या कपाटात आहे. शिकागोचा असो वा मुंबईचा, होतकरू मुलगा तिला हातही लावू शकत नाही. २०१९ साली बेहरिंगरने तिचीही स्वस्त नक्कल काढली. "आता सांगा," नातू म्हणाला, "त्या वाद्याचा आत्मा कपाटात आहे की नकलेत?"

आम्ही हरलो, हे कबूल करतो. निदान त्या पेटीपुरते तरी हरलो. ज्या वस्तूचे सारे मोल तिच्या रचनेत आहे, ती रचना ज्यांनी केली त्यांना पगार, मुदतभर एकस्व आणि कीर्ती मिळालेली आहे, आणि जी आता केवळ दुर्मिळ म्हणून महाग आहे, तिची नक्कल दुसऱ्याने आपल्या नावाने काढली तर कोणाच्या ताटातले काय गेले, हे आम्हांला दाखवता आले नाही. मिनीमूगबाबत आमचे मन तितके निःशंक नाही, कारण तिथे मूळ कंपनी ते यंत्र अजून बनवू पाहत होती. ती कंपनी २०२३ मध्ये एका मोठ्या समूहाने विकत घेतली आणि तिच्या जुन्या गावातल्या अनेक कामगारांना घरी जावे लागले. याला नकला कारणीभूत झाल्या असे म्हणण्याइतकी माहिती आमच्यापाशी नाही. पण नातवाला आम्ही इतकेच विचारले की, यंत्र घेताना हा विचार मनात आला होता का? तो म्हणाला, नाही. तीनशे डॉलरच्या आत विचारही मिळत असता तर बरे झाले असते.

असो. तंबोऱ्याकडे परत येऊ, कारण तिथे हा सारा युक्तिवाद लागू पडत नाही.

तंबोऱ्यात गुपित असे काही नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येणारा भोपळा, तुणीचे लाकूड, गुलू, दांडी, अटी, तारगहन, चार तारा, चार मणी. ही रचना कोणाच्या एकस्वाची नव्हती आणि नाही. कोणीही तंबोरा करावा. मोल आहे ते हातात, आणि त्या हाताची सर्वांत अवघड परीक्षा म्हणजे जवारी. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तो किंचित उताराचा असतो. तार त्यावर एकाच ठिकाणी टेकत नाही, कंप पावताना त्या उतारावर निसटती स्पर्शत राहते, आणि त्यातून मूळ स्वराबरोबर वरचे स्वयंभू स्वर मोकळे होतात. मग तारेखाली सुताचा धागा सरकवून नेमकी जागा शोधायची. उतार केसभर कमी पडला तर तार बद्द बोलते, केसभर जास्त झाला तर पत्र्यासारखी खणखणते. हे मोजपट्टीने साधत नाही. कानाने ऐकायचे, कानस मारायची, पुन्हा तार चढवून ऐकायचे. हे शिकायला माणसाची उमेदीची वर्षे जातात आणि त्या वर्षांत त्याला कोणीतरी पोसावे लागते. आम्ही मिरजेला जी 'जास्त' किंमत म्हणतो, तिच्यातून ते पोसणे होते. रोलंडच्या अभियंत्याला महिनाअखेर पगार होता. या माणसाला पुढच्या तंबोऱ्याची मागणी एवढाच आधार आहे, आणि ती मागणी ज्याच्यामुळे येते ते म्हणजे गावाचे नाव.

तेच नाव आम्ही निम्म्या किमतीत घेतले.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या बातमीवर आपल्यापैकी अनेकांनी एकमेकांस अभिनंदनाचे निरोप धाडले, आम्हीही धाडले. हा कायदा १९९९ सालचा, अमलात आला २००३ मध्ये. त्याचे तत्त्व आमच्या विद्वान मित्रांनी नीट वाचावे. तो वाद्याच्या आकारावर कोणाची मालकी सांगत नाही. तो फक्त नावाचे रक्षण करतो. तुम्ही बडोद्यात तंबोरा करा, बेळगावात करा, कारखान्यात हजारांनी करा. मात्र तो मिरजेचा आहे असे म्हणू नका. कलेत मालकी नसावी म्हणणाऱ्यांचे समाधान आणि कारागिराचे पोट ही दोन्ही त्यात बसतात. अडचण एवढीच की कायदा विक्रेत्याला पकडू शकतो. डोळ्यांवर कातडे ओढून दरपत्रकावर सही करणाऱ्या ग्राहकाला तो पकडत नाही.

कोणी म्हणेल, विजेच्या तंबोऱ्याने मिरजेचे याहून मोठे नुकसान केले, त्याबद्दल बोला. बोलतो. बंगळूरचे जी. राज नारायण यांनी १९७० च्या दशकाअखेरीस तो पुढे आणला, तेव्हा आमच्या पिढीने नाके मुरडली होती. पुढे तीच पेटी पिशवीत टाकून आपल्या मुली शिकवणीला जाऊ लागल्या आणि आता तर तो आवाज भ्रमणध्वनीत आला आहे. त्याने मिरजेचे काही गिऱ्हाईक नेले हे उघड आहे. पण त्या पेटीने स्वतःला कधी भोपळ्याचा तंबोरा म्हणवले नाही. नव्या वस्तूने जुनीला मागे सारणे हा काळाचा व्यवहार आहे; त्याचे दुःख करावे, तक्रार कशाची करणार? आमच्या सभागृहातल्या चिठ्ठीला मात्र हे स्पष्टीकरण चालत नाही.

गरीब विद्यार्थ्याचे नाव पुढे करण्याची एक रीत आहे. "स्वस्त वाद्य नसेल तर गरिबाच्या मुलानं शिकायचं कसं?" या प्रश्नाचा आम्ही आदर करतो, तो गरिबाने विचारला तर. शिकवणीच्या फीसाठी महिन्याचा हिशेब मांडणाऱ्या घराने मिळेल तो तंबोरा घ्यावा, नावाची चौकशी करण्याचे ओझे आम्ही त्याच्यावर टाकणार नाही. पण बैठकीत हा प्रश्न ज्यांनी विचारला, त्यांच्या दिवाणखान्यात काय आहे ते आम्हांला ठाऊक आहे. आणि मंडळ गरीब नाही. गेल्या संगीतसभेत शाली, श्रीफळे, स्मृतिचिन्हे आणि व्यासपीठामागचा फुलांचा पडदा यांवर जे खर्च झाले, त्यातून दरपत्रकांमधली तफावत भरून निघाली असती. हे आम्ही जमाखर्चाची वही पाहून लिहीत आहोत. त्याच सभेच्या उद्घाटनाच्या भाषणात मिरजेच्या कारागिरांच्या 'तपश्चर्येचा' गौरव झाला होता. भाषण चांगले होते. त्या वेळी मागे जोडी झंकारत होती.

त्याच व्यासपीठावरच्या ध्वनिक्षेपकांविषयीही आम्हांला शंका आहे. शुअर कंपनीचा १९६६ पासून चालत आलेला एसएम ५८ हा मायक्रोफोन जगभर सर्वांत जास्त बनावट निघणाऱ्यांपैकी एक आहे; बाहेरून हुबेहूब तोच, जाळी तीच, नावही तेच. कंत्राटदाराने लावलेले खरे होते की नाही, कोणी उघडून पाहिले नाही. इथे नुकसान एका श्रीमंत कंपनीचे, म्हणून आपल्याला चुटपुट लागत नाही. पण खोट्या नावाची सवय अशाच ठिकाणी लागते जिथे ती टोचत नाही.

आणि आपण साहित्यिक मंडळी आहोत, तेव्हा आपल्या अंगणाकडेही एकदा पाहू. या पत्रिकेत एखाद्याची कविता दुसऱ्याच्या नावाने छापली गेली तर संपादकांना तीन अंक खुलासे छापावे लागतील. पण पुण्या-मुंबईहून पुस्तक मागवायला वेळ लागतो या सबबीखाली सबंध कादंबऱ्यांच्या छायाप्रती आपण हातोहात फिरवल्या आहेत, आणि आता त्या भ्रमणध्वनीवर येतात. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी टिकवण्याचे श्रेय घेताना मराठी लेखकाला त्याचे मानधन पोहोचले की नाही, हे आपण विचारत नाही. निदान तिथे लेखकाचे नाव तरी मुखपृष्ठावर शाबूत असते. आमच्या जोडीवर तेवढेही नाही.

मंडळापुढे आमचे मागणे साधे आहे. सभागृहातल्या दोन्ही तंबोऱ्यांवरच्या चिठ्ठ्या काढाव्यात. जोडी फेकून देऊ नये. ती शिकाऊ मुलांना सरावाला द्यावी, आणि कोणी विचारले तर कुठे बनली हे माहीत नाही असे सांगावे. ज्या दोघा कारागिरांची दरपत्रके आपण नाकारली, त्यांपैकी एकाकडे नवी जोडी सांगावी. चार वर्षांत भाव वाढला असेल, तो द्यावा. पुढील संगीतसभेत फुलांचा पडदा नसेल तर गायकाच्या स्वरात फरक पडणार नाही.

हा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत सहाव्या क्रमांकावर घेतला आहे. सहाव्या विषयापर्यंत निम्मे सभासद चहाला उठलेले असतात, असा आमचा अनुभव आहे. या वेळी चहा नंतर ठेवावा, अशी कार्यवाहांना विनंती केली आहे.